मांजरपाट

"गज नको," तात्या म्हणाले. "ठेव तो तिकडं."

मापायचा लोखंडी गज त्यांच्या हातात द्यायला मी उचलला होता, तो पुन्हा गादीवर ठेवला. गुणवऱ्याहून आलेला एक माणूस दुकानाच्या पायरीखाली उभा होता. चपला काढून वर येत नव्हता. "मांजरपाट," एवढंच तो म्हणाला होता आणि तात्यांनी पुढचं काही विचारलं नव्हतं.

त्यांनी त्या जाड्याभरड्या पांढऱ्या कापडाचं ठाण खाली ओढलं, उलगडलं, आणि कोपरापासून बोटाच्या टोकापर्यंत आपल्या हातानेच मापत गेले. मग कड दातात धरून जराशी तोडली आणि दोन्ही हातांनी कापड फाडलं. मांजरपाट फाटताना मोठा आवाज होतो. तो आवाज झाला की आमच्या बाजारात शेजारपाजारचे दुकानदार क्षणभर बोलायचे थांबत. घडी न घालता, कागदात न गुंडाळता तात्यांनी ते कापड त्या माणसाच्या पसरलेल्या हातांवर ठेवलं. तो वळून निघाला तेव्हा ते गादीवरून उठून उभे राहिले, पण बोलले काही नाहीत.

एरवी तात्या "या परत" म्हटल्याशिवाय कुणाला पायरी उतरू देत नसत. ढीगभर लुगडी उलगडायला लावून एकही न घेता उठणाऱ्या बायकांना म्हणत, पोस्टमनला म्हणत, वर्गणी मागायला आलेल्या मुलांना म्हणत. मी सुट्टी संपवून पुण्याला निघाले की दुकानाच्या पायरीवर उभं राहून मलाही त्याच सुरात म्हणत, "या परत, बाई. नवीन माल येणार आहे." मी हसून "येते" म्हणायची आणि स्टँडकडे चालू लागायची.

"गज उचललास," तात्या पुन्हा बसत म्हणाले. "पुस्तकं वाचून वाचून दुकान विसरलीस की गं."

"विसरले नाही. मर्तिकाच्या कापडाला गज लावायचा नाही, कात्री लावायची नाही."

"आणि?"

"आणि त्या गिऱ्हाइकाला या म्हणायचं नाही."

"आणि?"

"आणि आपल्या दुकानातलं मांजरपाट आपल्या घरात जात नाही. परक्याकडून आणायचं."

"हां. मग माझ्या वेळेला कुठून आणशील?"

"तात्या!"

"सांग की. धंद्यातलं विचारतोय."

"फुलचंदशेठकडून," मी वैतागून म्हटलं.

"नको," तात्या हसले आणि रस्त्यापलीकडे बघत म्हणाले, "समोरून आण."

समोर रघूकाकांचं दुकान होतं. तात्यांच्या पाठच्या, सख्ख्या भावाचं. पण आमच्या घरात 'काका' हा शब्द मी शाळेत असतानाच बंद झाला होता. आम्ही 'समोरचे' म्हणायचो. समोरच्यांनी रंग दिला, समोरच्यांनी काचा बसवल्या, समोरच्यांचा नंदू नापास झाला.

आजोबा, म्हणजे अण्णा, फलटणच्या आसपासचे आठवडी बाजार करत. पाठीवर कापडाचं गाठोडं, हातात गज. पुढे त्यांनी हे दुकान घेतलं, दोन्ही मुलांना गादीवर बसवलं. गजाचे, कात्रीचे, मांजरपाटाचे सगळे नियम त्यांनीच घालून दिलेले. ते गेले तेव्हा दोघे भाऊ अनवाणी फुलचंदशेठच्या दुकानात गेले आणि तिथून कापड आणलं, हे मी तात्यांच्याच तोंडून ऐकलं होतं. त्यानंतर काही वर्षांनी एका दिवाळीत रघूकाकांनी मुंबईहून तयार सदऱ्यांचा गठ्ठा आणला. तात्या म्हणाले, "आपण शिंपी. शिवलेलं विकत आणून विकायचं? लोक तोंडात शेण घालतील." काका म्हणाले, "लोकांना आता शिवायला वेळ नाही, दादा." शब्दाने शब्द वाढला. तात्यांनी तो गठ्ठा उचलून बाहेर पायरीवर नेऊन ठेवला. दुसऱ्या दिवशी गठ्ठा तिथे नव्हता आणि काकाही आले नाहीत. वर्ष उलटायच्या आत समोरची इमारत घेऊन त्यांनी 'पतंगे स्टोअर्स' काढलं. आधी तयार कपडे, मग बॅगा, छत्र्या, खेळणी, पावडरी, काचेची भांडी. फलटणला एकाच छपराखाली सगळं मिळायला लागलं ते तिथे. आमच्याकडे गादी, गज आणि ठाणं राहिली, आणि बूड हलवायला तयार नसलेली म्हातारी गिऱ्हाइकं.

दोघा भावांच्या मध्ये फक्त रस्ता होता. पण एकमेकांशी ते बोलत नव्हते.

मी त्या सुट्टीत आले तेव्हा नंदूचं लग्न तोंडावर आलं होतं. पत्रिका अख्ख्या पेठेत वाटून झाल्या होत्या. आमच्याकडे आली नव्हती. "राहिली असेल," तात्या म्हणायचे. "राहिली नाही, ठेवली," आई म्हणायची. त्या आठवड्यात दुकानाच्या पायरीवर पाऊल वाजलं की तात्यांची मान गिऱ्हाइकाआधी त्याच्या हाताकडे वळायची. त्या पत्रिकेची ते किती वाट बघत होते, ते मला दिसत होतं.

दुपारी शेजारचे किराणावाले शंकरअप्पा नेहमीप्रमाणे चहाला आले. खिशातून पत्रिका काढून त्यांनी मुद्दाम तात्यांपुढे धरली.

"काय दिगूशेठ, पुतण्याच्या लग्नाला कोट शिवायला टाकला का नाही?"

"रेडिमेड घेणार आहे," तात्या म्हणाले.

अप्पा इतके हसले की चहा बशीतून सांडला. तात्यांनी पत्रिका हातात घेऊन सावकाश वाचली. तारीख पाहिली, वार पाहिला, खाली 'आपले नम्र' मध्ये स्वतःचं नाव कुठे आहे का तेही पाहिलं असावं. मग घडी घालून परत दिली.

"बुधवारी आहे," ते म्हणाले. "चांगला दिवस धरलाय."

संध्याकाळी दिवेलागणीला ते दाराशी जाऊन उभे राहिले. आमचा दिवा लावून झाला होता. समोर अजून अंधार होता.

"दिवा का लागला नाही गं समोर?"

"लागेल."

"रोज आपल्या आधी लागतो."

ते फळीला हात लावून तसेच उभे राहिले. थोड्या वेळाने समोरची नळी लुकलुकली, लागली, आणि काचेतल्या बाहुल्यांची तोंडं पांढरी झाली. तात्या आत येऊन बसले. "चला," म्हणाले, "उद्या ती खणांची पेटी खाली काढू. तू आहेस तोवर आवरून होईल."

खणांची पेटी निघाली नाही. सकाळी चहा घेऊन झाल्यावर दुकानाच्या किल्ल्या घेण्यासाठी ते खुंटीकडे गेले आणि तिथेच खाली बसले. आई स्वयंपाकघरातून येईपर्यंत संपलं होतं. डॉक्टर आले ते नुसते सांगायला.

या गोष्टीला आता तीस वर्षं होतील. त्या सकाळचं पुष्कळसं मला आठवत नाही. किल्ल्या खुंटीवर हलत होत्या ते आठवतं.

अप्पा धावत आले. पुढचं सगळं त्यांनीच हातात घेतलं. मला भाऊ नव्हता. आईचं माहेर लांब.

"कापड मी आणतो," अप्पा म्हणाले. "फुलचंदशेठकडून."

"मी आणते," मी म्हटलं. "समोरून."

अप्पांनी माझ्याकडे पाहिलं. मग मला दारापाशी घेऊन हळू आवाजात म्हणाले, "पोरी, असं करू नको. बुधवारी लग्न आहे त्यांच्या घरात. सुतक धरायचं तर लग्न मोडतं, नाही धरायचं तर लोक बोलतात. ते आधीच कात्रीत सापडणार. त्यात तू दारात जाऊन उभी राहणार?"

"तात्यांनी सांगितलंय."

"काय सांगितलंय?"

"समोरून आण म्हणून."

ते खरं होतं. पण मी निघाले ती रागाने निघाले. ज्या माणसाने भावाला पत्रिका दिली नाही, त्याने आपल्या हाताने भावाचं कापड फाडावं, असं मला वाटत होतं. तो आवाज त्याने ऐकावा. तात्यांच्या हसण्याचा अर्थ मी तोच लावला होता.

आमच्या दुकानाच्या फळ्या बंद होत्या. रस्ता ओलांडताना मला दिसलं, रघूकाका त्यांच्या काचेच्या दारामागे उभे होते आणि त्या बंद फळ्यांकडे बघत होते. मी येताना त्यांनी मला पाहिलं. मोकळे केस, अनवाणी पाय. त्यांनीच दार उघडलं.

आत बस्ता चालला होता. दुसऱ्याच कुठल्या लग्नघरचे सात-आठ लोक खुर्च्यांवर बसून साड्या निवडत होते. नंदू त्यांना पदर दाखवत होता.

"मांजरपाट पाहिजे," मी म्हटलं.

काकांचा हात दाराच्या मुठीवरच राहिला.

"कोण?" त्यांनी विचारलं. "वहिनी?"

"तात्या."

त्यांनी मान हलवली, जणू मी एखादा साधा रंग सांगितला होता. मग मागे वळले. मांजरपाट त्या दुकानात आता कुणी मागत नसणार. ते अगदी वरच्या फळीवर, खेळण्यांच्या खोक्यांमागे होतं. नंदू शिडी धरायला धावला. "तू थांब," काका म्हणाले आणि त्या वयात स्वतः चढले. खाली उतरून त्यांनी काउंटरवरच्या साड्या बाजूला सारल्या, ठाण ठेवलं. नंदूने सवयीने टेप पुढे केला.

"टेप नको."

कोपर टेकवून ते हाताने मापत गेले. अगदी तात्यांसारखं. करंगळी तशीच वर. पुरेसं मापून झाल्यावर थांबले आणि आणखी चार बोटं पुढे सरकले.

"माझ्यापेक्षा चार बोटं उंच तो," ते कापडालाच सांगितल्यासारखं म्हणाले.

मग त्यांनी कड दातात धरली. मी वाट बघत होते. आता फाडतील. काउंटरची कड मी हाताने घट्ट धरली होती. पण त्यांनी कड तोंडातून काढली.

"कुंदे, इथून आण असं तुला कुणी सांगितलं?"

"तात्यांनी."

"कधी?"

"काल. दुकानात."

"रागानं?"

मला खोटं सांगता आलं असतं. "नाही," मी म्हटलं. "हसून."

"हसून." काका खुर्ची ओढून बसले. "लग्नाचा दिवस कळला होता त्याला?"

"आठवडाभर पेठेत तेच चाललंय. काल अप्पांनी पत्रिकाही दाखवली. बुधवार म्हणाले, चांगला दिवस धरलाय."

काकांनी मापलेलं कापड एकदा हाताने सारखं केलं. साड्या बघणाऱ्या बायका आता इकडे बघत होत्या.

"तुला कळलं नाही," ते म्हणाले. "मापात पक्का होता दादा. हे मी फाडून तुझ्या हातावर ठेवलं, की मी परका झालो. मर्तिकाचं कापड परक्याकडूनच घेतात ना? मग परक्याला कसलं सुतक? बुधवारचं लग्न बुधवारी होईल, आणि मला कुणी बोट दाखवणार नाही. घरच्यांनीच परकं ठरवलं म्हटल्यावर मी काय करणार? म्हणून समोरून आण म्हणाला. मला मोकळं करून गेला तो."

त्यांनी ठाण दोन्ही हातांनी गुंडाळायला घेतलं. गुंडाळून झाल्यावर त्यावर पंजा ठेवला.

"मिळायचं नाही," ते म्हणाले. "हे घरचं दुकान आहे. घरच्या दुकानातलं घरच्या माणसाला जात नाही. अण्णांनी घालून दिलंय."

"बाबा," नंदू म्हणाला. त्याचा चेहरा उतरला होता. "बाबा, परवा हळद आहे."

"माहीत आहे."

"आचारी, कार्यालय, तिकडची माणसं गाडी करून निघतील."

"फोन कर त्यांना."

"काय सांगू?"

"चुलता गेला म्हणून सांग."

"ते म्हणतील, तुमचं तर जाणं-येणं नव्हतं."

"म्हणू देत. खरंच आहे ते." काका उठले. "मुलगी चांगली आहे, थांबेल. नाही थांबली तर आपण ती चांगली ओळखली नाही म्हणायचं."

मग ते बस्त्याच्या लोकांकडे वळले आणि हात जोडले. "माफ करा. दुकान बंद करतोय. आम्हाला सुतक आलंय."

"अहो, पण आमचा बस्ता?" एक जाडशी बाई साडी छातीशी धरून म्हणाली. "निम्म्यावर आलाय."

"फुलचंदशेठकडं जा. रघुनाथनं पाठवलं म्हणून सांगा."

तिने साडी हळूच खाली ठेवली.

नंदू शटर ओढायला बाहेर गेला. काकांनी चपला काउंटरखाली काढून ठेवल्या. आम्ही दोघं अनवाणी फुलचंदशेठच्या दुकानाकडे निघालो. लोक दुकानांतून बघत होते. पतंग्यांपैकी एक जण बाजारातून दुसऱ्याच्या मुलीबरोबर चालला आहे, एवढ्यावरूनच त्यांना काय ते कळत गेलं असावं. सकाळचं ऊन, रस्ता तापायला लागला होता.

"काल बरा होता ना?" काकांनी विचारलं.

"बरे होते. संध्याकाळी तुमचा दिवा लागेना म्हणून दारात उभे होते. लागल्यावर आत आले."

काका चालता चालता थांबले.

"गिऱ्हाईक होतं," ते म्हणाले. "बटण दाबायचं राहून गेलं."

पत्रिकेचं मी विचारलं नाही. त्यांनीही सांगितलं नाही. पुढेही कधी तो विषय निघाला नाही.

फुलचंदशेठ खूप म्हातारे झाले होते. आम्हा दोघांना पायरीखाली उभं पाहून ते गादीवरून उठले. त्यांनी 'कोण' असंही विचारलं नाही. माप त्यांचा मुलगा घेत होता, त्याला बाजूला करून त्यांनी स्वतः घेतलं. काका फक्त म्हणाले, "चार बोटं जास्त." कापड फाटलं. मी त्या आवाजासाठी सकाळपासून तयार होते. पण तो झाला तेव्हा रघूकाकांनी माझ्या खांद्याला धरलं, आणि ते मला आधार देत होते की माझा घेत होते, ते मला सांगता येणार नाही. कापड त्यांनी आपल्या हातांवर घेतलं. आम्ही निघालो. फुलचंदशेठ उभेच होते. "या" म्हणाले नाहीत.

घरात शिरताना काका उंबऱ्याशी अडखळले. आई तात्यांच्या उशाशी बसली होती. तिने दिराकडे पाहिलं, मग त्यांच्या हातांवरच्या कापडाकडे.

"कुठून आणलं?" तिने विचारलं.

"फुलचंदशेठकडून, वहिनी."

आईला बाकी काही सांगावं लागलं नाही. ती शिंप्याच्या घरात नांदली होती. "बरं केलंत," ती म्हणाली, आणि सकाळपासून पहिल्यांदा तिने डोळ्यांना पदर लावला.

दुपारी तात्यांना उचललं. पुढचा खांदा रघूकाकांनी दिला, मडकं नंदूने धरलं. त्या काळात आमच्याकडे बायका विसाव्यापर्यंतच जात. विसावा म्हणजे वाटेत तिरडी एकदा खाली टेकवतात, खांदे बदलतात, तेवढा वेळ. अप्पांनी तो आमच्या दुकानासमोर धरला. एका बाजूला आमच्या फळ्या बंद, दुसऱ्या बाजूला शटर खाली ओढलेलं. शटरशेजारच्या काचेच्या मागे बाहुल्यांनी नवे कपडे घातले होते. मधल्या रस्त्यावर तात्यांना ठेवलं. त्यांच्या एका अंगाला रघूकाका उभे होते. तो रस्ता इतका अरुंद आहे हे मला त्या दिवशी प्रथम दिसलं.

मी दुकानाच्या पायरीवर चढले. तिथून मला तात्या सगळ्यांच्या डोक्यांवरून दिसत होते. फुलचंदशेठकडचं मांजरपाट त्यांच्या पायांवरून पुरेसं खाली गेलं होतं. चार बोटं बरोबर पुरली होती.

या पायरीवर नेहमी ते उभे असायचे आणि मी खाली असायची. निघणारी मी असायची. 'येते' एवढंच मला आजवर म्हणावं लागलं होतं. निरोप द्यायचं काम त्यांचं, आणि ते त्यांनी एकदाही चुकवलं नव्हतं.

माणसांनी तिरडी उचलली. काका वाकले, खांदा दिला, सरळ झाले. माझ्या तोंडून काहीतरी निघालं असावं, कारण खाली उभे असलेले अप्पा वळले.

"नको, कुंदा," ते हळूच म्हणाले. "असं म्हणत नाहीत."

मला ठाऊक होतं. तो नियम लहानपणापासून मला ठाऊक होता. आदल्याच दिवशी मी तो घडाघडा म्हणून दाखवला होता.

ते चौकापर्यंत पोचले. वळणार होते. एवढ्या लांबून ऐकू जावं म्हणून मी फळीला हात लावून टाचा उंचावल्या आणि भर बाजारात मोठ्याने म्हणाले,

"तात्या, या परत."